पंच की पाठीराखा? नागपूरने हा प्रश्न भोगला आहे

गाझाची बातमी आली की पोरांच्या ग्रुपवर तोच वाद सुरू होतो. एक म्हणतो, अमेरिका एवढी मोठी ताकद आहे, तिने तटस्थ राहून दोघांत तह घडवून आणावा. दुसरा म्हणतो, कुठला देश आपल्या दोस्ताला सोडून तटस्थ राहतो? जग असंच चालतं, उगाच आशा धरू नका. पहिल्याला दुसरा निबर वाटतो आणि दुसऱ्याला पहिला भोळा. पण दोघंही मनात एकच गोष्ट धरून बोलतात: बलाढ्य देशापुढे दोनच रस्ते आहेत, एक तर पंच व्हायचं, नाहीतर पाठीराखा.

माझं म्हणणं असं, की हे दोन रस्ते वेगळे आहेत हेच आधी तपासलं पाहिजे. इतिहासात बहुतेक वेळा बलाढ्य सत्ता एका हाताने पाठीराखी राहिली आणि दुसऱ्या हाताने पंच झाली. याचा पुरावा शोधायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. कळमेश्वरहून काटोल रोडने निघालो की तासाभराच्या आत आपण त्या शहरात पोचतो, ज्याने हा खेळ दोनदा पाहिला आहे.

बोलावलेला पंच परत गेला नाही

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. त्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याचा मुलगा चाँद सुलतान याने नागपूरला राजधानी केली. आज ज्याला आपण गांधीसागर म्हणतो तो शुक्रवारी तलाव आणि महालातला जुम्मा दरवाजा या त्याच्याच काळाच्या खुणा.

१७३९ च्या सुमारास चाँद सुलतान वारला आणि गादीवरून भांडण सुरू झालं. बख्त बुलंदच्याच दुसऱ्या एका मुलाने, वली शाहने, गादी बळकावली. चाँद सुलतानच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, मदतीसाठी वऱ्हाडातल्या पहिल्या रघुजी भोसल्यांना बोलावलं. रघुजी आले, वली शाहचा पाडाव केला, राणीच्या मुलांना, बुरहान शाह आणि अकबर शाहला गादीवर बसवलं, भरपूर मोबदला घेतला आणि परत गेले. इथपर्यंत गोष्ट बरी आहे.

पुढे दोन भावांतच बिनसलं. १७४३ मध्ये बुरहान शाहने रघुजींना पुन्हा हाक दिली. रघुजींनी एका भावाची बाजू घेतली. अकबर शाहला हैदराबादकडे परागंदा व्हावं लागलं. ज्याची बाजू घेतली तो बुरहान शाह जिंकला असं म्हणावं, तर त्याच्या हाती काय उरलं? राजा ही पदवी आणि ठरलेली नेमणूक. राज्य रघुजींचं झालं. त्यांनी स्वतःला गोंड राजाचे संरक्षक म्हणवून घेतलं आणि दुसऱ्यांदा ते परत गेलेच नाहीत.

ही गोष्ट कुणी हिंदू विरुद्ध मुस्लिम अशी सांगू लागला तर त्याला थांबवा. मुस्लिम राजघराण्याच्या राणीने मराठा सरदाराला स्वतः बोलावलं होतं, आणि भांडणारे दोघंही एकाच बापाची मुलं होती. इथे धर्माचा हिशोब नव्हता, ताकदीचा होता. घरातलं भांडण मिटवायला ज्याला बोलावलं त्याच्याकडे फौज होती आणि त्याला आवरणारं कुणी नव्हतं. एवढं पुरेसं होतं.

साठ वर्षांनी तोच डाव उलटला

१८०३ मध्ये त्याच भोसले घराण्यावर तीच वेळ आली. दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध लढले. असई, मग २९ नोव्हेंबरला आडगाव, मग डिसेंबरात गाविलगड, असे पराभव झाले आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातल्या देवगावात तह झाला. कटक कंपनीने घेतलं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून काढून कंपनीने आपल्या दोस्ताला, हैदराबादच्या निजामाला दिला.

आता याच तहातलं एक कलम पाहा. निजाम आणि भोसले किंवा पेशवे आणि भोसले यांच्यात पुढे काही वाद झाले, तर कंपनी मध्यस्थ होऊन न्यायाने निवाडा करेल असं त्यात ठरलं. म्हणजे ज्याने तुमचा वऱ्हाड काढून शेजाऱ्याला दिला, तोच आता तुमच्या आणि त्या शेजाऱ्याच्या भांडणात पंच. शिवाय निजाम आणि पेशवे दोघांच्या दरबारी कंपनीची तैनाती फौज. कागदावर न्यायाचा शब्द होता. त्या शब्दावर भोसल्यांनी किती भरवसा ठेवला असेल ते तुम्हीच ठरवा.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या रघुजींनी मरेपर्यंत तैनाती फौज स्वीकारली नाही. १८१६ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी आप्पासाहेबाने ती स्वीकारली. घरातल्या सत्तेच्या ओढाताणीत त्याला कंपनीचा आधार हवा होता. दीड वर्षात तोच आधार गळ्याशी आला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने अरब सैनिक झुंजले, पण ते हरले. १८५४ मध्ये वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं. सीताबर्डीचा तो किल्ला आज वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना उघडतात. गेलात तर हे कलम आठवा.

मग तटस्थ राहिलेलं बरं?

कुणी म्हणेल, म्हणूनच बलाढ्य सत्तेने बाजू घेऊ नये, लांब राहावं. त्याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळच्या खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले. वाद चौथाईच्या थकबाकीचा होता. निजामाने कंपनीकडे मदत मागितली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने नकार दिला. १७९० च्या टिपूविरोधी तहात निजाम आणि पेशवे दोघंही कंपनीचे दोस्त होते, तेव्हा आपण कुणा एकाच्या बाजूने उतरणार नाही, ही त्याची भूमिका.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण शोअरने युद्ध थांबवण्यासाठी आपलं वजनही खर्च केलं नाही. तो फक्त बाजूला झाला. इंग्रज येणार नाहीत हे कळल्यावर ज्याची बाजू जड होती त्याला थांबायचं कारण उरलं नाही. निजाम हरला, चिडला, इंग्रजांच्या पलटणी त्याने परत पाठवल्या आणि फ्रेंच सेनानी रेमंडची फौज वाढवली. तीन वर्षांनी नवा गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याच निजामाला तैनाती फौजेच्या तहात बांधून टाकलं.

म्हणजे बाजू घेणारा पंच गिळून टाकतो आणि हात झटकणारा तटस्थ जड बाजूला मोकळं रान देतो. दोघांमध्ये सारखी असलेली गोष्ट अशी, की निकाल ताकदच ठरवते.

तिसरा रस्ता

आपल्या परंपरेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, आणि ते पंच किंवा पाठीराखा या चौकटीत बसत नाही. सूरह हुजुरातमध्ये दोन गट लढू लागले तर काय करावं याचा क्रम सांगितला आहे. आधी समेट करा. एक गट ज्यादती करतच राहिला तर त्याच्याविरुद्ध उभे राहा, तो मागे येईपर्यंत. मागे आला की पुन्हा समेट करा, पण इन्साफाने. ही आयत श्रद्धावंतांच्या दोन गटांबद्दल आहे हे खरं, पण न्यायाची रीत त्यातून स्पष्ट दिसते. बाजू माणसाची घ्यायची नाही, हद्द कोण ओलांडतो ते पाहायचं. आणि ज्याच्याविरुद्ध उभे राहिलात त्याच्याशीही शेवटी न्यायच करायचा आहे.

दुसरी, सगळ्यांना माहीत असलेली हदीस. भाऊ जालिम असो वा मजलूम, त्याला मदत करा, असं प्रेषित (स.) म्हणाले तेव्हा सहाबांनी विचारलं की जालिमाला मदत कशी करायची. उत्तराचा आशय असा होता, की त्याचा हात धरायचा, त्याला जुलूमापासून रोखायचं. दोस्ती आणि न्याय यांची गाठ इथे बसते. दोस्ताला सोडायचं नाही आणि त्याला मोकळंही सोडायचं नाही.

आता हे माप अमेरिकेला लावू. २०१६ च्या करारानुसार अमेरिका इस्राएलला २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावांवर तिने सुरक्षा परिषदेत वारंवार नकाराधिकार वापरला. त्याच काळात ती कतार आणि इजिप्तच्या बरोबरीने मध्यस्थ म्हणूनही बसली. अनेक वर्षं या वाटाघाटींत काम केलेल्या ॲरन डेव्हिड मिलर या अमेरिकी अधिकाऱ्याने २००५ मध्येच लिहून ठेवलं, की आमच्यातले बरेच जण इस्राएलच्या वकिलासारखे वागत होतो. देवगावचं कलम आणि हे, यात फरक कितीसा?

पण अमेरिकेला हात धरता येत नाही असं नाही. ऑक्टोबर १९५६ च्या शेवटी इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. तिघंही अमेरिकेचे जवळचे. अध्यक्ष आयझेनहॉवरची निवडणूक त्याच आठवड्यात होती. तरी त्याने संयुक्त राष्ट्रांत हल्ल्याविरुद्ध भूमिका घेतली, पौंड घसरत असताना ब्रिटनला लागणारी आर्थिक मदत रोखून धरली, आणि मार्च १९५७ पर्यंत तिन्ही देशांचं सैन्य मागे गेलं. ऑगस्ट १९८२ मध्ये बैरूतवर बॉम्बवर्षाव चालू असताना रेगनने बेगिनला फोन केला आणि तो थांबला. दोस्ती दोन्ही वेळा टिकली. फक्त दोस्ताला 'नाही' ऐकावं लागलं.

जोर नसलेला पंच काय कामाचा?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ताकद नसलेल्या मध्यस्थाचं ऐकतो कोण? १९७८ चा कॅम्प डेव्हिड करार कार्टरने घडवला तो अमेरिकेच्या वजनामुळेच. त्यातून १९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळाला. ही छोटी गोष्ट नाही.

पण त्याच करारात काय टिकलं आणि काय टिकलं नाही ते पाहा. सिनाईबद्दल इस्राएलला मागे हटावं लागलं, तो भाग टिकला. पॅलेस्टिनी लोकांच्या स्वायत्ततेचा भाग कागदावरच राहिला. ज्यांच्याबद्दल तो होता ते टेबलावर नव्हते आणि त्यांच्यासाठी दोस्तावर कुणी जोर लावला नाही. म्हणजे जोर उपयोगी पडतो, पण ज्या बाजूला लावाल तिथेच.

शिवाय प्रत्येक तहाला महासत्ता लागते असंही नाही. तेहरानमधल्या ५२ अमेरिकी ओलिसांची सुटका जानेवारी १९८१ मध्ये झाली ती अल्जीरियाच्या मध्यस्थीने. तिथे महासत्ता स्वतः पक्षकार होती आणि तिला एका लहान देशाचा शब्द घ्यावा लागला, कारण त्या शब्दावर दोघांचा भरवसा होता.

आपल्या देशाने दोन्ही अनुभव घेतले आहेत. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांचा प्रश्न भारताकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले मराठी सेनानी शंकरराव थोरात. दोन्ही बाजू त्यांच्यावर चिडलेल्या. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षाने तर भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, त्यांना हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. तरी काम पार पडलं, कारण भारताला तिथून काही न्यायचं नव्हतं.

याउलट जुलै १९८७ चा श्रीलंका करार. भारताने आधी तमिळ गटांना हाताशी धरलं होतं, मग तोच भारत मध्यस्थ झाला. करारावर सही भारत आणि श्रीलंकेची, ज्यांनी शस्त्रं ठेवायची त्या वाघांची सही नाही. ऑक्टोबरात आपलं शांतिसैन्य त्यांच्याशीच लढू लागलं. मार्च १९९० मध्ये परत येईपर्यंत सुमारे १,२०० जवान गेले. पाठीराखा रातोरात पंच होऊ शकत नाही, हा धडा आपण जवानांच्या जिवाने घेतला.

तीन कसोट्या

कुठलीही मध्यस्थी तपासायला तीन प्रश्न पुरतात. ते मोठ्या देशांना लागू पडतात तसे आपल्या मोहल्ल्याच्या बैठकीलाही.

पहिला: बोलावलं कुणी? दोन्ही बाजूंनी, की एकानेच? रघुजींना दोन्ही वेळा एकाच बाजूने बोलावलं होतं.

दुसरा: पंच कुणाच्या खर्चावर उभा आहे? माझ्या कामातलं उदाहरण देतो. दोन सर्व्हरमध्ये खरा कोण असा पेच पडला तर निवाडा करायला तिसरी एक मशीन ठेवतात. तिला फार ताकद लागत नाही. अट एकच, तिची वीज आणि नेटवर्क त्या दोघांपैकी कुणाच्याही बोर्डावर नको. ती एकाच्या बोर्डावर असेल तर ती तिसरी मशीन नाहीच, ती त्या एकाचाच भाग. शेतातलंच घ्या. संत्र्याच्या बागेतल्या धुऱ्याचा वाद असेल आणि पंचाने एका भावाला ट्रॅक्टरसाठी पैसे दिले असतील, तर गाव तो निवाडा मानत नाही. एवढी साधी अक्कल गावाला असते, सुरक्षा परिषदेला का नसावी?

तिसरा: पंचाने आपल्या दोस्ताला कधी 'नाही' म्हटलं आहे का? म्हटलं असेल तर त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. कधीच म्हटलं नसेल तर त्याची तटस्थता ही नुसती बसायची जागा आहे.

म्हणून माझं मत असं. ज्या बलाढ्य देशाची शस्त्रं एका बाजूकडे जातात त्याने पंचाची खुर्ची सोडावी आणि आपल्या दोस्ताचा हात धरण्याचं काम करावं. ते काम दुसरं कुणी करू शकत नाही. पंचाची खुर्ची दोन्ही बाजूंचा भरवसा असलेल्यांना द्यावी. दोस्तावर जोर आणि निवाडा ही दोन कामं आहेत, ती दोन वेगळ्या हातांनी व्हावीत.

हेच माप आपल्यालाही

आता जड भाग. हे माप फक्त अमेरिकेसाठी काढलं तर ते माप नाही, तो राग आहे. २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने येमेनवर बॉम्ब टाकले. सीरियात असदच्या राजवटीने आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकले तेव्हा इराण आणि रशिया त्याच्या पाठीशी उभे होते. तिथे मरणारेही मजलूमच होते. त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर किती मेसेज आले? आपला वाटणारा देश जुलूम करतो तेव्हा आपल्याला एकदम तटस्थता आठवत असेल, 'मामला गुंतागुंतीचा आहे' असं सुचत असेल, तर आपणही शोअरच्याच रांगेत आहोत. कुरआनने न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध आणि आपल्या माणसांविरुद्धही द्यायला सांगितलं आहे, आणि कुणाच्या वैरामुळे अन्याय करू नका असंही. हे दोन्ही आदेश एकत्रच पाळायचे आहेत.

आणि आपला देश? २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबरला युद्धविरामाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. दोन मतं, दीड महिन्याच्या अंतराने. आपण या देशाचे नागरिक आहोत. इस्राएलशी भारताची दोस्ती असावी की नसावी यावर मतभेद असू शकतात. पण दोस्ती आहे तर तिचा उपयोग हात धरायला होतो का, हे विचारणं आपला हक्क आहे आणि कामही. रामटेक असो की नागपूर, खासदार आपल्याच मतांवर निवडून येतो. त्याला पत्र लिहा, ईमेल करा, भेटायला जा. भाषा शांत ठेवा, तारखा आणि आकडे बरोबर ठेवा, न तपासलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. आणि येमेनबद्दलही त्याच पत्रात लिहा.

बुरहान शाहला वाटलं होतं की बलवान आपल्या बाजूने आहे म्हणजे आपण जिंकलो. आज गाझात, येमेनमध्ये ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना कुणीतरी बलवान आपल्या बाजूने यावा असंच वाटत असेल. त्यांचं चुकत नाही. पण त्यांना खरी गरज आहे ती हल्ला करणाऱ्याच्या दोस्ताने त्याचा हात धरण्याची. ज्या देशाला हे जमतं त्याला मी बलाढ्य म्हणेन. बाकीचे नुसते शस्त्रांचे मालक.